तेरा पॉइंट दोन

ओत्ताव्हिओ झंबोन रोज सूर्य बुडाल्यावर गॅरेजात जातो,
इन्व्हर्टरच्या काचेवर टिचकी मारतो
(तिची गरज नसते. पण साखर कारखान्यात चाळीस हंगाम
दाबाच्या काट्यांना टिचक्या मारल्या; बोट ऐकत नाही)
आणि वहीत आकडा लिहितो.
सव्वीस पॉइंट एक. पंचवीस पॉइंट आठ.
ढगाळ दिवस असेल तर समासात एक छोटा ढग.

ऑगस्टची नऊ तारीख: तेरा पॉइंट दोन.
आभाळ लख्ख होतं.
समास कोरा.

होम हिलमध्ये ऑगस्ट म्हणजे ऊस पेटवायचे दिवस.
तिन्हीसांजेला फडाला आग लावतात, पाचट तडतडतं,
मग रात्रभर गावावर काळी भुरभुर:
दोरीवरच्या चादरींवर, चर्चच्या पायऱ्यांवर,
कुत्र्याच्या पाण्यात.
म्हणजे गुन्हेगार हातातच होता.
काचा गार असताना, पहाटे, तो शिडी चढला
(गुडघ्याने निषेध नोंदवला)
आणि मऊ ब्रशने, टाकीतल्या पाण्याने
वीसच्या वीस पॅनल अशी पुसली
की त्यांत बघून भांग पाडावा.

तेरा पॉइंट सहा.

मग कुंपणापलीकडचा आंबा.
इथे सूर्य उत्तरेच्या अंगाने जातो
आणि मर्ल हॅडलोचा आंबा नेमका उत्तरेला,
वर्षाला हात-दीड हात वाढत.
ओत्ताव्हिओ करवत घेऊन बोलायला गेला.
तासाभराने परत आला: करवत, आणि
गेल्या साली मुरवलेल्या लोणच्याची बरणी.
फांदीचा विषय निघालाच नाही.

रात्री गॅरेजात बसून राहिला.
कुठेतरी पाल चुकचुकली,
बाहेर की आत, त्याने पाहिलं नाही.
अकरा वर्षांपूर्वी हे सगळं ग्लेनने बसवलं होतं.
स्वस्तातला माल, रविवारची घाई.
तेव्हा ग्लेन जावई होता.
आता तो पर्थला असतो, लुईझा नसते तिथे,
आणि तीन वर्षांत कुणी कुणाला फोन केलेला नाही.

त्याने केला.
"काही नाही, सहज. तुझी पॅनल मेली."
पलीकडे बराच वेळ नुसता पंख्याचा आवाज.
मग: "हळूहळू कमी झालं की एका दिवसात?"
"एका दिवसात."
"किती?"
"अर्धं. जवळजवळ बरोबर अर्धं."
"मग ते वय नाही, ओत्ताव्हिओ.
वय असं रात्रीत अर्धं करत नाही.
दोन रांगा आहेत, त्यातली एक तुटलीय.
स्क्रीनवर दोन्हींचे व्होल्ट बघ.
आणि डबा उघडू नकोस. डीसी आहे. माणूस सोडत नाही."

पहिली रांग: तीनशे आठ.
दुसरी: शून्य.
चाळीस हंगाम यंत्रं उघडणाऱ्या माणसाला
हे वाचायला एकोणीस दिवस लागले.

जोसी मलेटा शुक्रवारी आली, जाड हातमोजे,
कानामागे पेन्सिल. आधी सगळं बंद केलं,
मीटर लावला, पुन्हा लावला,
मग भिंतीवरच्या खटक्याच्या डब्याचे चार स्क्रू.
झाकण निघालं तेव्हा जळक्या केसांसारखा वास.
आत पाल. कागदासारखी वाळलेली,
पाय एका पितळेवर, शेपूट दुसऱ्यावर,
डोळे उघडे, जणू अजून
काहीतरी खरं असल्याची ग्वाही देतेय.
तळाचं बूच पडलं होतं. करंगळीएवढं भोक.
"उबेला येतात," जोसी म्हणाली,
"थंडीत कुणाला दोष द्यायचा?"
आणि नवा खटका बसवायला लागली.

त्या संध्याकाळी टिचकी: पंचवीस पॉइंट शून्य.
एक युनिट अजून कमीच. ते आंब्याचं.
ते तो मर्लला मागणार नाही; लोणचं संपत आलंय.

त्याने ग्लेनला फोटो पाठवला, पालीचा,
खाली काही न लिहिता.
जेवणं झाली. फडांकडून धूर आला.
फोन थरथरला: "आता किती?"

ओत्ताव्हिओने चष्मा शोधला,
मग वही.